आत्याच्या सहीवरून निघालेला नीतीचा प्रश्न

प्रश्न विचारणारा तरुण नागपूरचा आहे, इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. आजी-आजोबा गेल्यावर काटोलकडची संत्र्याची बाग वडील आणि दोन काका अशा तिघांच्या नावे झाली. आत्याने हक्कसोडपत्रावर सही करून दिली, आणि हसतमुखाने दिली. याला ते खटकले. मित्र म्हणाला, नीती-अनीती समाजच ठरवतो. आत्याला त्यात काही वाईट वाटत नाही, मग तुझ्या पोटात का दुखते? म्हणून त्याने विचारले आहे की नीती वस्तुनिष्ठ असते की समाजाने घडवलेली असते, आणि समाजाने घडवलेली असेल तर याला अन्याय म्हणणारा मी कोण?

मी तत्त्वज्ञानाची प्राध्यापक नाही. दिवाणी वकील आहे आणि कोर्टाने मध्यस्थीसाठी पाठवलेली वाटणीची प्रकरणे बरीच वर्षे हाताळते आहे. या टेबलावर बसणाऱ्याला तुमचा प्रश्न टाळता येत नाही, कारण समोरचे दोघेही ‘हे बरोबर नाही’ हेच वाक्य बोलत असतात. (मध्यस्थीतले बोलणे गोपनीय असते. पुढे जे सांगते ते कोणा एका घरातले नाही, अनेक घरांचे मिळून आहे.)

माझे मत आधीच सांगून टाकते. नीती आपल्यापर्यंत समाजातूनच येते, तिला यायला दुसरी वाट नाही. पण समाजाकडून आली म्हणून ती बरोबर ठरत नाही. एखाद्या रीतीचे ओझे ज्याच्या डोक्यावर पडते, त्याला समोर बसवून, त्याचे ऐकून घेऊन, त्याला पटावे असे कारण देता येते का, यावर तिची पारख होते. ही पारख नागपुरात एक आणि न्यूयॉर्कमध्ये दुसरी असत नाही. एवढ्याच अर्थाने मी नीतीला वस्तुनिष्ठ म्हणते. याहून जास्त कोणी सांगत असेल तर मला शंका येते, आणि याहून कमी सांगितले तर माझा धंदाच बंद पडेल.

बहुतेक वाद ‘वस्तुनिष्ठ’ म्हणजे काय यावरच अडतात. माणसे नसली तरी सीताबर्डीचा किल्ला टेकडीवर उभा राहील. दया, न्याय, विश्वासघात हे तसे उभे राहणार नाहीत. जॉन मॅकी या तत्त्वज्ञाने १९७७ मध्ये असेच मांडले की जगात दगडधोंड्यांसारखी नैतिक सत्ये असतील तर ती फारच विचित्र जातीची म्हणावी लागतील, कारण ती नुसती असणार नाहीत, आपल्याला अमुक कर म्हणून हुकूमही देतील. तशी सत्ये नाहीत, म्हणून नीतीविषयी आपण जे ठासून बोलतो ते सगळेच चूक, असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्यांचे अर्धे म्हणणे मला मान्य आहे. पण न्यायाधीशांनी निकाल वस्तुनिष्ठपणे दिला असे आपण म्हणतो तेव्हा तो निकाल किल्ल्यासारखा कुठेतरी आधीपासून उभा होता असे आपल्याला म्हणायचे नसते. वादी आणि प्रतिवादी यांच्या जागा बदलल्या असत्या तरी निकाल तोच लागला असता, एवढेच म्हणायचे असते. हे शक्य असते. रोज घडते असे मात्र मी वकील असून म्हणणार नाही.

आता समाजाच्या वाट्याचे समाजाला देऊन टाकू, कारण तो वाटा खरोखर मोठा आहे. नागपुरात परवान्याच्या बारमध्ये बसून कोणी दोन पेग घेतले तर त्याला कोणी हटकत नाही. तोच माणूस तासा-दीड तासाने वर्ध्याला पोचून ग्लास भरेल तर तो गुन्हा, कारण गांधीजींच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे. गडचिरोलीत ती १९९३ पासून आहे. चंद्रपुरात २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. चंद्रपूरकर सहा वर्षे पापी होते आणि मग एका बैठकीत पुण्यवान झाले, असे कोणी म्हणणार नाही. हा नियम सरळसरळ माणसांनी केलेला आहे. पण बंदी मागायला गावोगावच्या बायका रस्त्यावर उतरल्या तेव्हा त्या ‘दारू आमच्या रीतीत बसत नाही’ असे म्हणत नव्हत्या. नवरा मारतो, मजुरीचा पैसा भट्टीवर जातो, असे म्हणत होत्या. हे कारण जिल्ह्याच्या हद्दीवर थांबत नाही. बंदी हा त्यावरचा योग्य उपाय आहे का यावर मी तासभर उलटसुलट बोलू शकेन. बायकोला मारण्याबद्दल तसे बोलता येणार नाही.

लग्नाचेही तेच. विदर्भातल्या गोंड समाजात हुंडा नाही, उलट मुलीकडच्यांना मूल्य देण्याची रीत होती आणि विधवेचे लग्न सहज होत असे. त्याच काळात शहरातली स्वतःला सुसंस्कृत म्हणवणारी घरे विधवेचे केस काढत होती आणि जंगलातल्या लोकांना अनीतिमान म्हणत होती. हे आठवले की ‘आमची नीती ती खरी नीती’ असे म्हणताना जीभ जरा अडखळावी.

तुमच्या मित्राला बळ देणारा एक अभ्यासही आहे. लहान मुले शाळेचा गणवेश आणि दुसऱ्याला मारणे यांत फरक करतात, बाईंनी परवानगी दिली तरी मारणे वाईटच असे म्हणतात, हे मानसशास्त्रज्ञ एलियट टुरिएल यांनी आधी दाखवले होते. म्हणजे संकेत आणि नीती हे दोन वेगळे कप्पे. पण मानववंशशास्त्रज्ञ रिचर्ड श्वेडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये भुवनेश्वर आणि शिकागो इथल्या लोकांची तुलना प्रसिद्ध केली. वडील वारल्याच्या दुसऱ्याच दिवशी थोरल्या मुलाने केस कापले आणि कोंबडी खाल्ली, हे भुवनेश्वरच्या लोकांना अत्यंत घोर कृत्य वाटले. शिकागोत कोणाला त्यात काही वावगे दिसेना. आपण नागपूरकर इथे बहुधा भुवनेश्वरच्या बाजूने उभे राहू. सावजीच्या तर्रीवर जीव टाकणारा माणूसही तेरवीपर्यंत तिकडे फिरकत नाही.

श्वेडर यांचे म्हणणे होते की संकेत कुठे संपतो आणि नीती कुठे सुरू होते ती रेघच प्रत्येक समाज आपली आपण ओढतो. रेघ सरकते हे खरेच. पण टुरिएल यांच्या बाजूने आलेले उत्तर मला जास्त पटते. भुवनेश्वरचा माणूस मानतो की मुलाने सुतक मोडले तर वडिलांच्या आत्म्याला गती मिळत नाही. म्हणजे बापाला दुखवू नये हे दोन्हीकडे मान्य आहे, मेलेल्या बापाला कोंबडीने दुखते का याबद्दल मतभेद आहे. हा नीतीतला फरक कमी आणि जगाविषयीच्या समजुतीतला जास्त. समजुती तर तपासता येतात. महारोग पापाचे फळ मानला जात होता तेव्हा रोग्याला गावाबाहेर काढणे हे कर्तव्य वाटत होते. १८७३ मध्ये नॉर्वेचे डॉक्टर हॅन्सन यांना त्या रोगाचा जंतू दिसला. आपल्याकडे वरोऱ्याला बाबा आमटे यांनी आनंदवन उभे केले. तरीही हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाचे कारण म्हणून कुष्ठरोग २०१९ पर्यंत टिकून होता. उपचाराने बरा होणारा रोग, आणि कायद्याला ते कळायला इतका वेळ लागला.

जुने शास्त्रकार या बाबतीत आपल्याला वाटतात त्यापेक्षा सावध होते. याज्ञवल्क्य स्मृतीत अहिंसा, सत्य, चोरी न करणे ही सर्वांसाठी धर्मसाधने सांगितली आहेत, कोणा एका वर्णासाठी नाहीत. त्याच ग्रंथात असेही आहे की धर्माला धरून असले तरी लोकांना जे तिरस्करणीय वाटते ते करू नये. सर्वांचा धर्म आणि लोकांचे मत अशा दोन्ही गोष्टी तिथे शेजारी शेजारी बसल्या आहेत. दुसऱ्या वचनाचा उपयोग मात्र आपल्याकडे फार झाला. बहिणीचा हिस्सा हा त्यातलाच प्रकार: कायदा काही म्हणो, लोक काय म्हणतील?

आता टेबलावर येते. वाटणीच्या प्रकरणात ‘आम्ही तिघे आहोत, ती एकटी आहे, म्हणून घेतो’ असे म्हणणारा भाऊ मी पाहिलेला नाही. घेणारे घेतात, पण असे म्हणत नाहीत. ते कारण देतात, तेही बहिणीला पटावे असे. ‘तिच्या लग्नात दहा लाख लावले ना मॅडम.’ मी विचारते, मग धाकट्याच्या कॉलेजचे डोनेशन कोणाच्या हिश्श्यात धरायचे? ‘ते वेगळं आहे.’ काहून वेगळं? इथून खरे बोलणे सुरू होते. लग्नाचा खर्च धरायचा तर शिक्षणाचाही धरा, नाहीतर दोन्ही सोडा. सासरी भरपूर आहे म्हणून तिला नको, असे असेल तर पुण्यात दोन फ्लॅट असलेल्या थोरल्यालाही नको. हे मी बाहेरून आणलेले परके मूल्य नाही. भावानेच काढलेले कारण मी त्याच्याकडे वळवते, बस.

‘सगळे समाजावर आहे’ या मताचा माझ्या लेखी सर्वात मोठा अडथळा हाच आहे. अन्याय करणारालाही चांगले कारण शोधावे लागते, आणि ते सांगताना तो नकळत मान्य करतो की ज्याचे जाते आहे त्याला उत्तर देणे आपल्यावर आहे. जातपंचायतीच्या वाळीतही हेच. पंच ‘आमची सत्ता टिकावी म्हणून’ असे कधी म्हणत नाहीत, ज्या मुलीमुळे घर वाळीत टाकले तिच्याच भल्याची भाषा करतात. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा केला, तेव्हा त्याला विरोध करणाऱ्यांनीही ‘बहिष्कार चांगला असतो’ असे म्हटल्याचे माझ्या कानावर आले नाही.

दुसरा अडथळा सुधारकांचा. समाज म्हणेल ती नीती, असे असेल तर समाजाविरुद्ध उभा राहिलेला प्रत्येक माणूस त्या घटकेला चूक ठरतो. बहुमत त्याच्याकडे वळले की तो आपोआप बरोबर, आणि मधल्या काळात बदलले काय तर डोकी मोजण्याचा आकडा. मुलीच्या हिश्श्याचाच इतिहास पाहा. १९५६ च्या वारसा कायद्याने वडिलांच्या स्वकष्टाच्या मालमत्तेत मुलीला वारस केले, पण वडिलार्जित एकत्र मालमत्तेत जन्माने हक्क मुलालाच राहिला. महाराष्ट्राने १९९४ मध्ये, तोवर लग्न न झालेल्या मुलींपुरती, तो हक्क मुलींनाही देणारी दुरुस्ती केली. देशाने २००५ मध्ये केली. ही दुरुस्ती लागू झाली त्या तारखेला वडील हयात असोत वा नसोत, मुलीचा हक्क जन्मानेच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. मग मुलींवरचा अन्याय २००५ मध्ये सुरू झाला आणि त्याच दिवशी संपला का? दुरुस्ती ज्यांनी मागितली त्यांचे म्हणणेच हे होते की तो आधीपासून चालू आहे, कायद्याला दिसत नाही. हिंदू कोड बिल रेंगाळले म्हणून डॉ. आंबेडकरांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले, त्याच्या कारणांत स्त्री-पुरुष विषमता जशीच्या तशी ठेवण्याबद्दलचा संतापही होता. त्या वेळी लोकमत त्यांच्या बाजूने नव्हते.

नागपुरात बसून या विषयावर बोलायचे आणि दीक्षाभूमीचे नाव घ्यायचे नाही हे शक्य नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला इथे लाखो लोकांनी एका समाजाने लादलेली नीती सोडून दुसरी विचारपूर्वक स्वीकारली. त्यामागचा विचार बाबासाहेबांच्या मृत्यूनंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या धम्मावरील ग्रंथात आहे, आणि तो तुमच्या मित्राला थेट उत्तर आहे. त्यांचा मुद्दा असा की चोरांच्या टोळीतही आपापसात नीती असते, व्यापाऱ्यांत असते, जातीतही असते. गटाची नीती गटाचे हित सांभाळते, बाहेरच्याला मोजत नाही, म्हणून ती समाजविघातक ठरते. नीती सर्वांसाठी एक असली पाहिजे. समाज नीती घडवतो हे त्यांनी नाकारले नाही. इतक्या दाहकपणे ते कोणी अनुभवले असेल? म्हणूनच ते तिथे थांबू शकले नाहीत.

तुम्ही म्हणाल, आत्याची तर काहीच तक्रार नाही. खरी अडचण हीच आहे. मोठा माणूस स्वखुशीने सही करतो आणि आपण म्हणतो तुला कळत नाही, हाही उर्मटपणाच. इथे मला विदर्भातलेच एक जुने प्रकरण आठवते. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी धरले आणि म्हटले की भीतीने गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकार दिसत नाही, म्हणजे तिची संमती होती, असे त्या निकालात म्हटले. १९७९ मध्ये कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलीस कोठडीतल्या अशा प्रकरणात संबंध सिद्ध झाला आणि बाईने संमती नव्हती असे सांगितले, तर ती नव्हती असे कोर्टाने धरून चालायचे, असे ठरले.

आत्याची सही आणि तो गुन्हा यांची बरोबरी मी करत नाही, ती करणे अश्लाघ्य होईल. त्यातून शिकण्यासारखे इतकेच की ‘नाही’ म्हणण्याची किंमत काय होती हे पाहिल्याशिवाय ‘हो’ ला अर्थ येत नाही. म्हणून मी बहिणींशी एकटीने बोलते, भाऊ बाहेर, वहिनीही बाहेर. आणि एकच विचारते, सही नाही केली तर राखीला दार उघडं राहील का? पुष्कळदा उत्तर येते, ‘मले जमीन नाही पाहिजे मॅडम. पण मले कोणी विचारलं तरी का? कागद आणला अन् बोट ठेवलं, इथं सही कर.’ अशी बाई बाहेर जाऊन हसतमुखाने सही करते. फोटोतही हसते.

पण दुसऱ्या प्रकारच्याही बहिणी असतात. त्यांना आपला हक्क नीट ठाऊक असतो, पाव हिस्सा म्हणजे किती एकर आणि एकराला काय भाव हेही. अंथरुणाला खिळलेल्या आईचे सगळे धाकट्याने केले, किंवा बागेवर सोसायटीचे कर्ज आहे, असे पाहून त्या सोडतात. ते दान आहे आणि त्यात नाक खुपसण्याचा अधिकार मला नाही, तुम्हालाही नाही. कागद तोच, मुद्रांक तोच, दुय्यम निबंधकासमोरची सहीही तशीच. कृत्ये दोन निराळी आहेत. ‘आमच्यात असंच असतं’ म्हणणारा आणि ‘हक्कसोडपत्र म्हणजे शोषणच’ म्हणणारा, दोघेही ती बाई काय म्हणते ते न ऐकताच निकाल देतात.

ऐकून घेण्याची ही कसोटी समाजाच्या संतापालाही लागू पडते. १३ ऑगस्ट २००४ ला इथल्याच जिल्हा न्यायालयात कस्तुरबानगरच्या बायकांच्या जमावाने, वस्तीला वर्षानुवर्षे छळणाऱ्या गुंडाला मारून टाकले. शहरातल्या बहुतेकांना ते योग्यच वाटले होते, आणि का वाटले ते मला कळते. त्या बायकांचे ऐकायला कोणी नव्हते. तरी जमावाने मारणे बरोबर होते असे मी म्हणणार नाही. कारण पुढच्या वेळी जमावाला कोण गुंड वाटेल याची हमी कोणी द्यावी? आधी न ऐकणे ही चूक आणि नंतर न ऐकता मारणे हीही चूकच. शहराने टाळ्या वाजवल्या म्हणून दुसरी चूक पुसली जात नाही.

माझ्या कसोटीने सगळे प्रश्न सुटतात असा दावा नाही. आईची सेवा करणाऱ्या मुलीला महाल भागातले घर जास्त मिळावे की सगळ्यांना सारखे? कायदा सारखे म्हणतो, माझे मन तिच्याकडे झुकते, आणि दोन्ही बाजूंना समोरच्याच्या डोळ्यांत पाहून सांगता येतील अशी कारणे आहेत. काही प्रश्नांना एकाहून अधिक बरोबर उत्तरे असतात. त्यामुळे चूक उत्तरे नसतातच, असे होत नाही. आणि ही कसोटीही कोर्टकचेऱ्यांतून, चळवळीतून, म्हणजे समाजातूनच आली ना, असे कोणी विचारेल. आली. पण एखादी गोष्ट कुठून आली यावर ती खरी की खोटी ते ठरत नाही.

राहिला ‘मी कोण’ हा प्रश्न. तुम्ही परके नाही. चार भावंडांत प्रत्येकाचा पाव हिस्सा होता. आत्याच्या सहीनंतर तुमच्या वडिलांचा एक तृतीयांश झाला, आणि पुढे तो तुमच्याकडेच यायचा आहे. म्हणजे या प्रकरणात तुम्ही लाभ झालेल्या बाजूचे आहात, तेव्हा हे विचारण्याचा तुमचा हक्क इतर कोणाहीपेक्षा जास्त आहे. आत्याकडे जाऊन तिला तिच्यावर झालेल्या अन्यायाचे व्याख्यान मात्र देऊ नका. आधी वडिलांना विचारा की सहीपूर्वी बागेची आजची किंमत तिला सांगितली होती का. मग सगळे जमलेले नसताना तिच्याशी बोला. हक्कसोडपत्र नोंदले गेले असेल तर ते आत्याला एकतर्फी मागे घेता येत नाही. दबाव किंवा फसवणूक सिद्ध करावी लागते, आणि त्या रस्त्याने गेलेली घरे पुन्हा जुळताना मी फारशी पाहिलेली नाहीत. पण वडिलांनी आपल्या हिश्श्यातून बहिणीला बक्षीसपत्र करून द्यायचे ठरवले तर काकांच्या सहीची गरज पडू नये. फक्त शेतजमीन आहे, त्यामुळे ताजा सातबारा काढा आणि तुकडेबंदीची, म्हणजे शेताचे फार लहान तुकडे करण्यावरच्या कायदेशीर बंदीची, अडचण येते का ते एखाद्या वकिलाकडून आधी तपासून घ्या.